पावसाळा आला की आईच्या मानेला अन् पापण्यांना पुरळ, कशाची अ‍ॅलर्जी असंल?

जिंतूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आई ५४ वर्षांची, तीन वर्षं झाली पाऊस सुरू झाला की मान, पापण्या, कानामागं अन् कोपराच्या खळगीत लाल पुरळ उठतं, खाज इतकी की रात्र रात्र बसून काढायली. मानेची कातडी तर आता जाड अन् काळी पडलीय. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत बरं असतं. घरचे म्हणतेत पित्त आहे, म्हणून वांगं, शेंगदाणे, आंबट सगळं बंद केलं, वरण-भाकरीवर राहिलीय बिचारी, फरक काहीच नाही. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, लावली की दोन दिवसात बसतं, बंद केली की दुप्पट. आता एक लॅबवाला म्हणतो रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट करा, पैसे बक्कळ सांगायलाय. करावी का?

लातूरची_ताई
दादा हे पित्त वाटत नाही. पित्ताच्या गांधी येतात तशा जातात, एका जागेवरची गांध बहुतेक २४ तासांच्या आत बसते अन् दुसरीकडं उठते, कातडी जाड होत नाही. हे अंगाला काहीतरी लागून होणारं दिसतं अन् ते लगेच नाही उठत, एक-दोन दिवसांनी उठतं, म्हणून तर सापडत नाही. आज उठलं की काल-परवा काय हाताळलं ते वहीत लिहा. जागा पण बघा. मला बरोबर टिकलीएवढा गोल डाग पडायचा, तो टिकलीच्या गोंदानं. बेन्टेक्सच्या कानातल्यानं माझ्या बहिणीच्या पाळ्या चिघळायच्या, ते निकेल. आईंचं जेवण मात्र आजपासून सुरू करा हो, उगं उपाशी ठेवू नका.

बांधावरून_हिंगोली
भाऊ, गाजर गवत! काँग्रेस गवत म्हणा. तुम्ही लिहिलेल्या जागा वाचल्या अन् आमचे बापू डोळ्यासमोर आले. पापण्या सुजून डोळे उघडंनात, अन् शर्टाच्या वरच्या गुंडीपाशी रेघ मारल्यासारखं पुरळ थांबलेलं, खालची छाती साफ. वाऱ्यानं उडून उघड्या अंगावर बसतं ते.

रक्ताच्या टेस्टवर पैसे घालू नका, ही अ‍ॅलर्जी त्यात दिसत नाही. चामडीच्या डॉक्टरला पॅच टेस्ट विचारा. नांदेडला बापूंच्या पाठीवर चौकोनी पट्ट्या लावल्या, ४८ तास पाठ भिजवायची नाही, मग काढून बघितलं अन् चौथ्या दिवशी परत बघितलं, गाजर गवताचा चौकोन लालभडक फुगलेला. त्या ट्यूबमध्ये बहुतेक स्टिरॉइड असंल, पापण्यांवर मनानं लावू नका, कातडी पातळ होती अन् डोळ्याला पण धोका असतो.

आम्ही काय केलं ते सांगतो. गवत फुलायच्या आधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना मुळासकट उपटलं, ते पण दुसऱ्यानं, हातमोजे घालून. वाळलेल्याला पण बापूंना हात लावू देत नाही, त्याची भुकटी उडून तेच होतं. शेतातून आलं की आधी आंघोळ अन् कपडे बदलायचे, धुतलेले कपडे गवताकडं वाळत घालायचे नाहीत. पडीक जागेत तरोट्याचं बी टाकलं, तो वाढला की गाजर गवत दबतं. अन् शेवंती, सूर्यफूल यांच्यापासून पण लांब, एकाच कुळातली झाडं आहेत.

बीडकर_आक्का
कुणी बिबा लावा म्हणलं तर ऐकू नका. माझ्या जावेच्या नायट्यावर लावला, तो उतला, अख्खा हात फोडांनी भरला, डाग अजून गेले नाहीत.

जिंतूरचा_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता आईला बसवून विचारलं. रोज गोठ्यामागच्या बांधावरनं म्हशीला गवत कापती अन् भारा उजव्या खांद्यावर आणती, अन् मान उजवीकडंच जास्त खराब आहे! तिथं गाजर गवत कमरेएवढं आहे. दुसरं म्हणजे मागच्या साली महालक्ष्म्यांना शेवंतीचे हार तिनंच ओवले होते, दुसऱ्या दिवशी जेवणाला पाव्हणे घरात अन् हिचे डोळे सुजलेले, आम्ही म्हणलं जागरणानं झालं. उद्यापासून वैरण मी आणतो. सोमवारी परभणीला चामडीच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय. आज तिला शेंगदाण्याची चटणी वाढली, दोन भाकरी खाल्ल्या.