आजोबांची बीएसए एम२०: कॅफे रेसर करू की आहे तशीच चालू करू? (नाशिक)

कॅम्पातला_पोऱ्या
नमस्कार मंडळी. देवळाली कॅम्पला मामाच्या घरामागच्या शेडमध्ये आजोबांची बीएसए एम२०, जुनी ब्रिटिश मोटरसायकल, पडून आहे. मिलिटरी डिस्पोजलमध्ये घेतली होती म्हणे, नंतर काळा रंग मारलाय पण टाकी जरा खरवडली की खालचा हिरवा दिसतो. मामा म्हणतो पाहिजे तर ने, नाहीतर भंगारवाला चकरा मारतोच आहे. इंजिन जाम नाही, किक खाली जाते, पुढे गिर्डर फोर्क (जुन्या पद्धतीचा, दांड्या आणि स्प्रिंगवाला) आणि मागे सस्पेन्शन नावाचा प्रकारच नाही, सीटखालच्या स्प्रिंगा तेवढ्या. माझ्या डोक्यात कॅफे रेसर आहे, बुलेटचे फोर्क, क्लिप-ऑन म्हणजे खाली बसवलेलं आखूड हँडल, सिंगल सीट, मडगार्ड काढून टाकायचे. नाशकात सुरुवात कुठून करू? आरसी बुक आहे, आजोबांच्याच नावावर, ते आता नाहीत.

सातपूरचा_लेथवाला
भाऊ आधी तो ग्राइंडर खाली ठेव. एम२० ची कॅफे रेसर म्हणजे बैलगाडीला स्पॉयलर. ४९६ सीसी आहे पण साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, जुनी पद्धत, ताकद जेमतेम १३ हॉर्सपॉवर. बोअर ८२ मिमी, स्ट्रोक ९४ मिमी, म्हणजे खालचा ओढा तगडा पण पळायचं नाव नको. दुसऱ्या महायुद्धात अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या, डिस्पॅच रायडर (निरोप पोचवणारे सैनिक) चिखलातून वाळूतून हाकायचे, तिचं काम ते. कॅफे रेसरवाल्या लंडनच्या पोरांना ताशी १०० मैल गाठायचे होते म्हणून ते ट्रायम्फचं ट्विन इंजिन नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये बसवायचे, ट्रायटन म्हणायचे त्याला. ती फ्रेम मॅककँडलेस बंधूंची, १९५० ला नॉर्टनच्या रेसिंग गाड्यांना आली आणि वळणावर अशी बसायची की बाकीचे बघत राहायचे. तुझी मागे सस्पेन्शन नसलेली रिजिड फ्रेम घेऊन क्लिप-ऑनवर वाकून खड्ड्यातून गेलास तर गाडीआधी तुझीच कंबर गॅरेजला लागेल.

पाने घरातले लावू नको, नटाचे कोपरे गोल होतील. व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे लागतात, त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही, नवीन माणूस हमखास गोंधळतो.

आणि मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय स्पार्क देणारं यंत्र. लुकासची मॅगडायनो असणार, मॅग्नेटो आणि डायनामो एकत्र. थंड गाडी छान उठेल, पाच-दहा किलोमीटर मस्त चालेल आणि गरम झाली की बंद, मग घाम निघेपर्यंत किका मारा, काही नाही, सावलीत अर्धा तास उभी केली की परत चालू. लोक कार्बोरेटर खोलत बसतात, पण दुखणं बऱ्याचदा मॅग्नेटोच्या आर्मेचरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या कॉइलमध्ये असतं. जुन्या वाइंडिंगवरचं शेलॅक उष्णतेने चिकट होतं, कंडेन्सर लीक होतो आणि स्पार्क मरतो. वाइंडिंग नव्याने करून घे, कंडेन्सर बदल. एवढं झालं की बॅटरी नसली तरी गाडी पळते. बुश, पिना, गिर्डरचे स्पिंडल आपल्या एमआयडीसीत करून मिळतील, पिस्टन-गॅस्केट अजूनही इंग्लंडहून मागवता येतात.

गंगापूररोड_रायडर
मामाला सांग भंगारवाल्याच्या दुप्पट देतो 😄

बुलेटवाली_ताई
लेथवाले काका, मशीनचं सगळं पटलं, पण व्हिंटेजवाल्यांचा हा हात-लावू-नका सूर मला खटकतो. युद्धानंतर ह्याच मिलिटरी गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि तिथल्याच लोकांनी रंग बदलले, मडगार्ड कापले, साइडकार जोडल्या. आजोबांनी काळा रंग मारलाच ना? मग नातवाने काही केलं तर पाप कसं? फक्त जे करशील ते नटबोल्टने निघालं पाहिजे, फ्रेमला कट नाही, वेल्डिंग नाही, आणि काढलेला एकूणएक पार्ट सांभाळून ठेवायचा. रिजिड फ्रेमला बॉबर शोभतो, रुंद हँडल, एक सीट, मागे आखूड मडगार्ड. गिर्डर काढू नको रे बाबा, लोक तेच शोधत फिरतात.

कॅफे रेसरचीच हौस असेल तर जुनी कास्ट आयर्न बुलेट घे. मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची, १९५५ पासून मद्रासला बनायला लागली आणि इंग्लंडचं दुकान बंद झालं तरी इथे चालूच राहिली, म्हणून पार्ट गल्लीत मिळतात. माझी ३५० तशीच आहे, उजवीकडे गिअर, डावीकडे ब्रेक, न्यूट्रलला वेगळा लिव्हर. टाकी आणि सीट पटकन झाली, फुटरेस्ट मागे घेतल्यावर गिअरची लिंकेज जुळवताना मात्र जीव गेला, दांडी थोडी जरी लांब झाली तरी गिअर खोटा पडायचा. सायलेन्सर कंपनीचाच ठेवलाय, फटाके वाजवत फिरणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही.

आरटीओच्या_रांगेत
कागदांचं कोणीच बोलेना. आजोबा गेलेत म्हणजे फॉर्म ३१, मृत्यू दाखला आणि बाकी वारसांची संमती. सह्या आत्ताच घे, गाडी एकदा चमकली की प्रत्येक मावशीला आजोबांची आठवण येते.

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचा वेगळा नियम आणला, ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. नवीन नोंदणीला २० हजार, पुढे नूतनीकरणाला ५ हजार, मुदत १० वर्षं. नव्या नंबरात व्हीए अक्षरं येतात, आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. आणि ताई, बॉबर केली की मूळ रूप कुठे राहिलं? वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, गाडीत परस्पर फेरफार करू नका म्हणणारं. इंजिन आणि फ्रेम नंबर एकमेकांशी जुळले नाहीत तर घाबरू नको, युद्धकाळातल्या एम२० ला कारखान्यातूनच वेगळे यायचे. आरसीशी जुळले पाहिजेत.

कॅम्पातला_पोऱ्या
सगळ्यांना धन्यवाद. आज सकाळी रॉकेलच्या फडक्याने पुसून बघितलं, इंजिनावर डब्ल्यूएम२० पासून नंबर सुरू होतो, आरसीशी जुळला. फ्रेमचा गंजाखाली अर्धाच वाचता येतोय. कॅफे रेसर कॅन्सल. बॉबरचं बघू, आधी चालू तर होऊ दे. एक शंका, ऑइलची टाकी जवळपास रिकामी आहे पण जमिनीवर डाग नाही. भरून किक मारू का?

सातपूरचा_लेथवाला
थांब थांब. टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये बसलं असणार, ह्या गाड्या उभ्या राहिल्या की होतंच ते. खालचा ड्रेन प्लग उघड, डांबर निघेल. टाकी धू, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड आणि किकने हळूहळू फिरव. नवीन ऑइल भरून चालू केलीस की लगेच टाकीचं झाकण उघडून रिटर्न पाइपातून ऑइल परत पडतंय का बघ, पडत नसेल तर तिथल्या तिथे बंद. पेट्रोलची नळी आणि कॉकची कॉर्क बदल, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही. फ्रेम नंबरवर वायर ब्रश घासू नको, अक्षरं गेली तर आरटीओत काय दाखवणार, रॉकेल लावून रात्रभर ठेव. रविवारी कॅम्पात माझं काम आहे, व्हिटवर्थ सेट घेऊन येतो. पाने मोजून देणार आणि मोजून परत घेणार.