पाचशे माणसं नसली तर वाडीला रस्ता मिळतच नाही का?

वरची वाडी
मी पाटण तालुक्यात आशा सेविका आहे. माझ्याकडच्या चार वाड्यांतली ही सगळ्यात वरची. फाट्यापर्यंत डांबरी, पुढे सव्वातीन किलोमीटर बैलगाडीची चाकोरी. उन्हाळ्यात जीप कशीबशी चढते. जूनमध्ये मधला ओढा भरला की ऑक्टोबरपर्यंत सगळं पायी.

गेल्या श्रावणात रात्री एका पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या. १०८ ची गाडी फाट्यावर वेळेत आली. पण तिथवर तिला न्यायचं कसं? घोंगड्याची झोळी बांबूला बांधली. उचलणारे चौघे, त्यातले दोघे साठीच्या पुढचे. ओढ्याला मांडीभर पाणी. मी पुढे बॅटरी धरून चालले होते, पण सारखं मागे वळून तिच्या हाताकडे बघत होते. कळ आली की तिची मूठ बांबूवर आवळायची, की आम्ही थांबायचो. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण पुढच्या पावसाळ्यात दोघींच्या तारखा आहेत आणि मला आत्तापासून झोप नाही.

रस्त्याचं विचारलं तर उत्तर मिळालं, "लोकसंख्या पाचशेच्या आत, योजनेत बसत नाही." माझ्या रजिस्टरला आज २३८ माणसं आहेत. २०११ ला ३९० च्या आसपास होती. बाकी मुंबईला. यात्रेला मात्र वाडीत पाय ठेवायला जागा नसते. त्यांची घरं इथे, जमिनी इथे. मग ती मोजायची नाहीत का?

माजी सदस्य
ताई, ही अट प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची. सपाटीला ५००, डोंगरी राज्यं आणि पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागाला २५०. आपला तालुका कितीही डोंगरात असो, महाराष्ट्र त्या राज्यांत नाही आणि सातारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. मुंबईकर जिथे राहतात तिथेच जनगणनेत मोजले जातात, त्याला इलाज नाही.

पण दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. योजनेच्या चौथ्या टप्प्याला २०११ चीच जनगणना धरतात, म्हणजे आजचे २३८ आड येत नाहीत. आणि मोजायची ती वस्ती, महसुली गाव नव्हे. ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरता येतात. शेजारी दुसरी वस्ती आहे का?

वरची वाडी
आहे! वरच्या अंगाला धनगरवाडा, हाकेच्या अंतरावर. तेव्हा सव्वाशे तरी माणसं असतील. कागदोपत्री मात्र वेगळी वस्ती. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

रस्त्याची कामं
मी जन्मभर ग्रामीण रस्त्यांवर काम केलं. आधी अंतर नीट मोजा आणि दोन्ही वस्त्यांचा एकत्र ठराव ग्रामसभेत घ्या. चाकोरीला जिल्हा परिषदेच्या यादीत ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक पडलाय का ते बघा. क्रमांक नसेल तर पुढचं सगळं अडतं.

खरी मेख जमिनीत असते. या योजनेत भूसंपादनाला पैसा नाही, शेतकऱ्यांनी संमतीपत्रं द्यावी लागतात. एकेका सातबाऱ्यावर दहा-बारा नावं, त्यातली निम्मी मुंबईत. एक चुलतभाऊ नको म्हणाला आणि काम थांबलं, असं मी कितीदा पाहिलंय. म्हणजे तुमचे मुंबईकर आकड्यात धरले जात नसले तरी त्यांच्या सहीवाचून रस्ता होत नाही.

आणि ताई, रस्त्याला वर्षं लागतील. ओढ्यावरच्या साकवाची, म्हणजे छोट्या पुलाची, मागणी वेगळी करा, जिल्हा वार्षिक योजनेतून. तो आधी होऊ शकतो.

कोपरखैरणे
आमची वाडी तुमच्या पलीकडच्या खोऱ्यात. आमच्या मंडळाने सह्या इथे नवी मुंबईतच गोळा केल्या, दर रविवारी घरोघरी जाऊन. वारस नोंदी राहिल्या असतील तर त्या आधी करा, मेलेल्या माणसाच्या नावावर संमती कोण देणार?

वरची वाडी
वारस नोंदी निम्म्या राहिल्यात, माझ्या सासऱ्यांची धरून. सोमवारी तलाठ्यांकडे जाते. सातबारे काढून ठेवले तर चैत्रातल्या यात्रेला सगळे खातेदार एका जागी सापडतील. अंतर उद्याच मोजतेय. त्या बाळाचा बाप म्हणाला, टेपचं दुसरं टोक मी धरतो.