प्रतिसाद: साठीनंतर फुटबॉल?

‘साठीनंतर फुटबॉल म्हणजे गुडघ्यांची वाट, त्यापेक्षा रोज चाला’ हे अर्धंच पटलं. चालणं उत्तमच, पण त्यात हाडांवर तोच तो ठरावीक भार येतो. चेंडूमागे जाताना अचानक थांबावं लागतं, वळावं लागतं, पाय बाजूला टाकावा लागतो. खुब्याच्या हाडाला आणि तोल सावरणाऱ्या स्नायूंना असाच बदलता भार हवा असतो. डेन्मार्कमध्ये क्रीडा-आरोग्य संशोधक पीटर क्रुस्ट्रुप यांच्या गटाने 65 ते 75 वयाच्या, व्यायामाची सवय नसलेल्या पुरुषांना छोट्या मैदानावर खेळवलं. त्यांचा दमसास वाढला, खुब्याच्या हाडाची घनताही सुधारली. प्रोस्टेट कर्करोगावर हार्मोन उपचार घेणाऱ्यांनाही तिथे मैदानात उतरवलं गेलं, हे मला जास्त भावलं.

गुडघे खरंच कुरकुरत असतील तर ‘वॉकिंग फुटबॉल’ आहे, इंग्लंडमध्ये चेस्टरफिल्डला 2011 मध्ये सुरू झालेलं. धावायचं नाही, धक्काबुक्की नाही. धावलात की फ्री किक समोरच्या संघाला! (जुन्या खेळाडूंना हेच सगळ्यात जड जात असणार.)

मला गुडघ्यांपेक्षा पोटरी आणि मांडीमागच्या स्नायूंची काळजी जास्त वाटते. अंग नीट गरम केल्याशिवाय चेंडूला पाय लावू नका. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.