मदत हवी आहे : इंजिनावर चालणारा जुना आरा कोणत्या कंपनीचा, आणि चालू कसा करावा?

मंडळी, यावलजवळ आमच्या शेतातल्या गोठ्यात ओंडके कापायचं जुनं यंत्र आहे. गोल पात्याची आरामशीन नव्हे. लांब सरळ पातं क्रँकवर पुढे-मागे सरकतं. ड्रॅग सॉ म्हणतात तो प्रकार दिसतोय. अमेरिकेत ओटावा, विट्टे या कंपन्या असे आरे बनवायच्या.

इंजिन आडव्या सिलिंडरचं, दोन फ्लायव्हील, वर पाण्याचा उघडा हौद. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्याला गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या भागाची) खिटी अडकते, म्हणजे हिट अँड मिस असावं : वेग वाढला की व्हॉल्व्ह उघडा धरून ठोके गाळणारं. मॅग्नेटोही (चुंबकावर ठिणगीची वीज तयार करणारा भाग) आहे, आणि डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या विहिरींवरचं डिझेल इंजिन नक्कीच नाही. नावाची पट्टी गेलीय, रिव्हेटची भोकं तेवढी उरलीत.

पिस्टन जाम आहे. प्लग काढून डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलंय. घण कोणालाच लावू देत नाही. बीड तडकलं तर संपलंच.

ओतकामाचे नंबर अशा इंजिनावर कुठे शोधायचे? जळगाव-धुळ्याकडे बॅबिटचं (मऊ मिश्रधातूचं) बेअरिंग ओतणारा, मॅग्नेटोचं चुंबक पुन्हा भारून देणारा जुना कारागीर कोणाच्या माहितीत आहे का? मूळ हिरवा रंग मात्र घासायचा नाहीये. फोटो मागाल त्या बाजूचे टाकतो.