संयुक्त चक्र केंद्रांची (वायू टर्बाइन आणि तिच्या उष्णतेवर चालणारी वाफेची टर्बाइन अशी जोडी असलेल्या वीजकेंद्रांची) कार्यक्षमता ६० टक्क्यांपुढे कशामुळे गेली?

जिज्ञासू:
उरणच्या वायू विद्युत केंद्राची स्थापित क्षमता ६७२ मेगावॉट असून, त्यापैकी २४० मेगावॉटचे वाफेचे संच वायू टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर चालतात, इतके मला ठाऊक आहे. फ्रान्समधील बूशँ येथील केंद्राने २०१६ मध्ये ६२.२२ टक्के कार्यक्षमता नोंदवली, तेही याच तत्त्वावर. मग सुधारणा वाफेच्या बाजूने झाली की वायूच्या? शिवाय १,६०० अंश सेल्सिअसच्या झोतात टर्बाइनची पाती वितळत कशी नाहीत?

निवृत्त अभियंता:
मुख्यतः वायूच्या बाजूने: झोत जितका तप्त, तितकी कार्यक्षमता जास्त. पात्यांची निकेल मिश्रधातू त्या झोताच्या तापमानाच्या बरीच आधी वितळू लागते. ती टिकते याचे कारण म्हणजे पाते आतून पोकळ असते, कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा त्यातून फिरून बारीक छिद्रांवाटे पृष्ठभागावर पसरते आणि वरून झिर्कोनिया या सिरॅमिकचा उष्णतारोधक थर असतो. पहिल्या ओळीतील पाती तर अनेकदा एकस्फटिकी, म्हणजे अख्खे पाते एकच स्फटिक होईल अशी ओतलेली असतात, त्यामुळे स्फटिकांच्या सीमांवर तडे जाण्याचा प्रश्नच उरत नाही. परंतु ही थंड हवा फुकट मिळत नाही: ती दाबण्यासाठी खर्ची पडलेले काम पूर्णपणे परत येत नाही. त्यामुळे खरी चढाओढ तापमान वाढवण्याइतकीच हवा वाचवण्याची आहे. वेल्समधील बॅग्लन बे येथे २००३ मध्ये पाती वाफेने थंड करून ६० टक्क्यांचे लक्ष्य ठेवले गेले. पुढे ती टर्बाइन बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकनेच हवेकडे मोर्चा वळवला, आणि माझ्या मते ते शहाणपणाचे ठरले. मित्सुबिशीनेही १,६०० अंशांच्या टर्बाइन मालिकेतील वाफेने थंड होणारा दहनकक्ष पुढच्या, १,६५० अंशांच्या मालिकेत हवेवर आणला, कारण वाफेवर विसंबलेला संच झटपट सुरू करणे अवघड जाते.

वाचक:
आकड्यांची तुलना जपून करावी. जपानमधील निशी-नागोया केंद्राचा २०१८ चा ६३.०८ टक्के हा आकडा एकूण उत्पादनावर आधारलेला आहे, तर बूशँचा आकडा केंद्राचा स्वतःचा वापर वजा करून काढलेला आहे. दोन्हींत इंधनाचे निम्न उष्मामूल्य (ज्वलनात तयार झालेल्या पाण्याच्या वाफेतील सुप्त उष्णता वगळून मोजलेली ऊर्जा) धरले आहे. अंशतः भारावर, म्हणजे पूर्ण क्षमतेपेक्षा कमी वीज काढताना, कार्यक्षमता घसरते, हेही विसरू नये.

जिज्ञासू:
आभार. म्हणजे वाफेच्या बाजूला काहीच घडले नाही?

निवृत्त अभियंता:
घडले, पण ते वायूच्या मागोमाग. वायू टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान ६०० अंशांपुढे गेले, म्हणून बॉयलरमधील वाफही त्याच्या जवळपास नेता आली. तीन वेगवेगळ्या दाबांवर वाफ बनवण्याची आणि पुनर्तापनाची (वाफ मधेच पुन्हा तापवण्याची) रचना मात्र त्याआधीच रुळलेली होती.