मदत हवी आहे: पॅरिसच्या कॅबरेतल्या बांबीबद्दल इंग्रजीत काय वाचता येईल?

नमस्कार मंडळी, सध्या १९५० च्या दशकातल्या पॅरिसच्या कॅबरेचं वेड लागलंय. कोक्सिनेल, बांबी, एप्रिल अ‍ॅशली या ट्रान्स बायका तिथल्या कारुझेल क्लबमध्ये स्टेज गाजवायच्या, कोक्सिनेलने १९५८ मध्ये मोरोक्कोतल्या कासाब्लांकाला डॉ. बुरूंकडे लिंगबदलाचं ऑपरेशन करून घेतलं, एप्रिलने १९६० मध्ये, आणि बांबी तर अल्जेरियात जन्मलेली, पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात शिकून पुढे चक्क शाळेत फ्रेंच शिकवायला लागली! पिसं-बिसं सोडून थेट खडू-फळा, मला हेच सगळ्यात भारी वाटतं. एप्रिलबद्दल इंग्रजीत ढीगभर आहे, पण सगळे ती ट्रान्स असल्याचं उघड करणाऱ्या १९६१ च्या पेपरातल्या बातमीवर आणि तिच्या लग्नाच्या कोर्टकेसवरच अडकतात. बांबीचं जे सापडतं ते फ्रेंचमध्ये आणि माझं फ्रेंच बोंजूरपाशीच संपतं. तर कुणाला इंग्रजीतली मुलाखत, सबटायटलवाली डॉक्युमेंट्री, काहीही माहितीये का? पुण्यात कुठल्या लायब्ररीत मिळेल? प्लीज सांगा.