सवय नेमकी कुठल्या गोळीची?
‘नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते’ म्हणत घरचेच त्या बंद करायला लावतात, हे अगदी खरं. पण यात दोन औषधांची गल्लत होते. सवय लागते ती चिंता, घबराट कमी करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्यावरच्या औषधाची तशी तलफ येत नाही. त्याचा गुण यायला मात्र २ ते ४ आठवडे, कधी ६ लागतात आणि मळमळ, अस्वस्थता पहिल्याच आठवड्यात सुरू होते. नेमकं तेव्हाच ‘बघ, त्रास वाढलाच’ म्हणत औषध सुटतं, याचं फार वाईट वाटतं.

बरं वाटल्यावरही निदान ६ महिने गोळी चालू ठेवावी लागते. एकदम तोडली तर चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं, आणि लोक त्यालाच व्यसन समजतात. डोस डॉक्टरांना विचारूनच हळूहळू उतरवायचा. घरच्यांना पटत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतूनही मोफत बोलता येतं.